एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे पोषण : गरज, अडथळे आणि आधार

एचआयव्ही आणि कुपोषण एकमेकांना बळ देतात. प्रतिकारशक्ती खालावली की जंतुसंसर्ग वाढतात. संसर्गात भूक मरते आणि त्याच वेळी शरीराचा ऊर्जाखर्च वाढतो. वजन घटले की प्रतिकारशक्ती आणखी ढासळते. एआरटी (अँटीरेट्रोव्हायरल उपचार) औषधे विषाणूला आवर घालतात, पण झिजलेले शरीर भरून काढायला अन्नच लागते. म्हणून आहाराला उपचाराचाच भाग मानले पाहिजे.

गरज किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या शिफारशींनुसार लक्षणे नसलेल्या प्रौढाला नेहमीपेक्षा सुमारे १० टक्के, तर लक्षणे असताना २० ते ३० टक्के अधिक ऊर्जा लागते. वजन घटणाऱ्या मुलांत ही वाढ ५० ते १०० टक्क्यांपर्यंत जाते. रोज २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाला १० टक्के म्हणजे २०० कॅलरी. सुमारे ३५ ग्रॅम शेंगदाण्यांत त्या मिळतात. एकूण ऊर्जेतील प्रथिनांचा वाटा मात्र १२ ते १५ टक्केच पुरतो. भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी, ताक, परवडेल तेव्हा अंडे किंवा मासळी, एवढ्यावर बहुतेकांचे भागते. महागड्या पावडरींसाठी कर्ज काढू नये.

वजन का घटते? कारणे तीन प्रकारची असतात. पहिले, पोटात कमी जाणे: तोंडातील बुरशी, मळमळ, नैराश्य किंवा घरातच धान्य नसणे. दुसरे, खाल्लेले न शोषले जाणे: दीर्घकाळचे जुलाब. तिसरे, खर्च वाढणे: ताप, क्षयरोग. तोंड आलेल्याला मऊ खिचडी, नाचणीची आंबील आणि बुरशीवर औषध हवे. क्षयरोगाची शंका असलेल्याची आधी तपासणी हवी. दोघांनाही नुसते ‘चांगले खा’ सांगून भागत नाही.

औषध आणि अन्न. एआरटीतील डोल्यूटेग्राव्हिरची गोळी उपाशीपोटी लोह किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतली तर तिचे शोषण घटते. ती या गोळ्यांच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावी. एकत्र घ्यायच्याच असतील तर जेवणासोबत घ्याव्यात. गर्भवतींना लोह आणि कॅल्शियम नियमित दिले जाते, म्हणून त्यांना हे आवर्जून समजावावे. याच औषधाने काहींचे वजन वाढते. त्यांना तेल-साखर आवरण्याचा सल्ला लागतो.

आधार. क्षयरोगही असेल तर निक्षय पोषण योजनेतून उपचारकाळात दरमहा १००० रुपये मिळतात. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने भेदभावाला मनाई केली आहे. तरी वेगळे ताट मांडणारी घरे आहेत, आणि सर्वांत शेवटी, उरलेसुरले जेवणाऱ्या बाधित स्त्रियाही आहेत. एकत्र जेवल्याने एचआयव्ही पसरत नाही, हे कुटुंबाला समोर बसवून सांगणे हेही पोषणोपचारच होय.

एआरटी केंद्रात दर भेटीला वजनाची नोंद व्हावी. सहा महिन्यांत ते नकळत ५ टक्क्यांनी घटले, तर वरील तिन्ही कारणांचा शोध त्याच भेटीत सुरू व्हायला हवा.