उलटी साखळी आणि संगणकावरील भूमिती

एका बारीक साखळीची दोन टोके फळ्यावरील दोन खिळ्यांना अडकवली, तर ती सुबक वक्रात लोंबते. खिळ्यांमधील अंतर वाढवले की वक्र उथळ होतो. मधल्या कडीला वजन बांधले की तेथे टोक येते. आपण आकृती पुन्हा काढत नाही. अट बदलली की आकृती आपोआप बदलते. आज वास्तुरचनाकार संगणकावर जी प्राचलांची (पॅरामीटरची) भूमिती वापरतात, तिचे मूळ तत्त्व हेच आहे.

साखळी फक्त ताण सोसते. तिचा आकार उलटा करून दगडी कमान बांधली, तर स्वतःचे वजन पेलताना त्या कमानीत फक्त दाब निर्माण होतो. आणि दगड दाब चांगला सोसतो, ताण सोसत नाही. रॉबर्ट हूक यांनी १६७५ साली हे तत्त्व अक्षरांच्या कोड्यात दडवून मांडले. या वक्राचे गणित १६९१ साली लायब्निझ, हायगेन्स आणि योहान बर्नोली यांनी सोडवले.

परंतु इमारतीत एकच कमान नसते. अनेक कमानी एकमेकींवर भार टाकतात. एक हलवली की सगळ्यांचे गणित बदलते. स्पेनमधील बार्सिलोनाजवळच्या कोलोनिया ग्वेल येथील चर्चसाठी आंतोनी गौदी यांनी हे काम निसर्गावरच सोपवले. त्यांनी दोऱ्यांची १:१० प्रमाणातील प्रतिकृती उलटी टांगली आणि भारांच्या जागी शिशाचे छर्रे भरलेल्या लहान पिशव्या बांधल्या. तिचे छायाचित्र उलटे धरले की इमारतीचा आकार दिसे. एक दोरी आखूड केली की सारे जाळे नव्याने स्थिरावे. या तयारीला सुमारे दहा वर्षे लागली. १९०८ साली बांधकाम सुरू झाले, पण १९१४ मध्ये ते थांबले तेव्हा फक्त खालचे प्रार्थनागृह उभे राहिले होते.

अशा अटी संगणकाला सांगता येतील का? १९६३ साली अमेरिकेतील एम.आय.टी.मध्ये आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ या प्रबंधातून याचे उत्तर दिले. पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढायच्या आणि त्या समांतर किंवा समान लांबीच्या असाव्यात अशी अट घालायची. वेडीवाकडी आकृती अटी पुऱ्या होईपर्यंत स्वतःला सावरून घेई. पुलाच्या सांगाड्यावर भार ठेवला, तर प्रत्येक दांड्यातील बलाचे आकडेही दिसत.

२००७ साली डेव्हिड रटन यांनी ‘ग्रासहॉपर’ ही प्रणाली तयार केली. तीत आज्ञावली ओळींनी लिहावी लागत नाही. एकेक क्रिया म्हणजे एकेक चौकट. चौकटी तारांनी जोडायच्या. अंतराचा आकडा सरकवला की पुढची सारी आकृती बदलते.

मात्र येथे एक नवी अडचण उभी राहते. समजा, समोरासमोरच्या भिंतींवर १० आणि ७ बिंदू आहेत आणि त्यांमध्ये साखळ्या टांगायच्या आहेत. जोड्या कशा लावायच्या? संगणकाला वेगळे काही सांगितले नाही, तर तो पहिल्या सात जोड्या लावतो आणि उरलेले तीन बिंदूही समोरच्या सातव्यालाच जोडतो. छोटी यादी संपताच थांबायला सांगितले, तर साखळ्या ७ होतात. प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडायला सांगितले, तर ७०. चूक कोणतीच नाही. तिन्ही उत्तरे आज्ञेबरहुकूम आहेत. यांतले आपल्याला कोणते हवे होते, हे संगणकाला कळत नाही.

गौदींची दोरी गुरुत्वाकर्षणाचा नियम मोडू शकत नव्हती. संगणकात मात्र नियमही आपणच लिहितो, म्हणून जबाबदारी वाढते. प्रमेय सोडवताना आपण विद्यार्थ्यांना आधी ‘पक्ष’ लिहायला लावतो, मग ‘साध्य’. पुष्कळांना तो उपचार वाटतो. वर्गात १० आणि ७ खिळ्यांच्या दोन रांगा व दोरा देऊन ‘हे जोडा’ एवढेच सांगावे. गटागटांची उत्तरे वेगळी आली, की पक्ष नीट का लिहायचा हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.