कारकून आणि कारकीर्द

भोकरदन तालुक्यात केदारखेड्याला एका शेतात रात्रीच्या लाईटीची वाट बघत बसलो होतो. थ्री फेज अकराला येणार होती. वेळ काढायला राजकारणाच्या गप्पा निघाल्या आणि एका पुढाऱ्याविषयी मी म्हणालो, "त्यांची कारकीर्द मोठी." शेतमालक फावड्यावर हात टेकून म्हणाले, "मोठी म्हंजी? केलं काय, ते सांगा ना."

त्यांनी शब्दाची व्युत्पत्तीच मागितली होती. कारकीर्द हा फारसी 'कारकर्द'. कार म्हणजे काम, कर्द म्हणजे केलं. हल्ली सर्रास त्याच्या जागी बसणारा 'करिअर' नादाला जवळचा, पण नात्यात नाही. तो गाडीच्या लॅटिन शब्दातून आला, म्हणजे धावण्याची वाट. करिअर विचारतं, कुठवर पोचलात? कारकीर्द विचारते, केलंत काय?

आणि हा 'कर्द' परका नाही. संस्कृत 'कृत' आणि तो एकाच मुळाचे. 'कारकून'मधला 'कून' म्हणजे करणारा, वेदातल्या 'कृणोति'चा सख्खा भाऊ. करत असतो तो कारकून, करून झालं ती कारकीर्द. ही जोडी मला फार आवडते. हिशेबनिसाची रोजची जमाखर्चाची वही म्हणजे 'कीर्द'. माझ्या कानाला तीही 'कारकीर्द'मध्ये ऐकू येते.

पूर्वी कारकीर्द असायची ती राज्यकर्त्याची, त्याचा अंमल चालला तेवढा काळ. आता ती खेळाडूची असते, नटाची असते. पण पुढाऱ्याची सांगताना आपण बहुधा पदंच मोजतो. याच तालुक्यातले रावसाहेब दानवे १९९० आणि १९९५ साली आमदार झाले, १९९९पासून सलग पाच वेळा जालन्याचे खासदार, जुलै २०२१मध्ये रेल्वे, कोळसा आणि खाण खात्यांचे राज्यमंत्री. कोळसा म्हणजे औष्णिक वीज, म्हणजे शेवटी या शेतातल्या मोटारीचा स्टार्टर. तरी ही झाली पदांची यादी. 'कर्द' तिच्यापुढे सुरू होतो.

चीनच्या ली फंग यांची वाट उलटी, आधी वीज आणि मग राजकारण. मॉस्कोत वीज अभियांत्रिकी शिकले, फेंगमानच्या जलविद्युत केंद्रात राबले, वीजमंत्री झाले, पुढे पंतप्रधान. यांगत्सेवरच्या थ्री गॉर्जेस धरणाचा आग्रह त्यांनी धरला. मे १९८९मध्ये तियानानमेन चौकातल्या आंदोलनावेळी बीजिंगमध्ये लष्करी कायदा जाहीर करणारेही तेच. करिअर म्हटलं की नजर पायऱ्यांवर जाते. कारकीर्द म्हटलं की धरणही मांडावं लागतं आणि तियानानमेनही, एकाच वहीत.

अकरा वाजून गेल्यावर लाईट आली. स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं, मोटार घुमली, पाइपानं आधी नुसती हवा फुंकली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. गावाच्या नावात आहे तो 'केदार' संस्कृतात म्हणजे पाणी धरणारं, बांध घातलेलं शेत. शेतमालकांनी फावड्यानं माती सरकवून पाणी कांद्याच्या दुसऱ्या वाफ्याला वळवलं आणि बॅटरी माझ्या हातात दिली. "इकडं धरा," म्हणाले.