थर्मोस्टॅट काढायचा की बदलायचा?

मंडळी, आमच्या धाराशिवकडे (म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबादकडे) गाडी तापायला लागली की गॅरेजात एक सल्ला हमखास मिळतो. "थर्मोस्टॅट काढून टाका साहेब. थंड देशातलं खूळ ते, आपल्या उन्हात काय कामाचं?" परवा मलाही मिळाला. मी काढला नाही, नवीन बसवून घेतला. पण हा सल्ला आला कुठून, हा भुंगा काही डोक्यातून जाईना.

इंजिनाची तहान जुनीच. कार्ल बेंझच्या १८८६ च्या गाडीत पाणी चक्क उकळून उडून जायचं. १८८८ साली त्याची बायको बर्था मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला गेली, तेव्हा वाटेत सारखं पाणी भरावं लागलं. पुढे मायबाखने १९०१ च्या मर्सिडीजला मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर दिला आणि तेच पाणी पुन्हापुन्हा वापरता येऊ लागलं. मग उलटीच अडचण आली. थंडीत इंजिन लवकर गरमच होईना! म्हणून १९१४ च्या सुमारास कॅडिलॅकने व्ही-८ इंजिनाला थर्मोस्टॅट बसवला. १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्नेने मेणाचा थर्मोस्टॅट शोधला. मेण वितळलं की फुगतं आणि झडप ढकलतं. आजही तेच तत्त्व आहे.

आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. तिथे जून १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेने २७ गाड्यांवर बससेवा सुरू केली. इकडे मुंबई राज्यात एस.टी.ची पहिली बस १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर धावली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आपणही एस.टी.वाले झालो. त्या काळच्या गाड्यांत कूलंट कुठलं, साधं पाणीच. धाराशिव समुद्रसपाटीपासून साधारण दोन हजार फुटांवर, इथे उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. त्यात सोलापूरकडून भरलेली गाडी तुळजापूरचा घाट चढायची, उन्हाळ्यात चाळिशीच्या वर पारा... आणि पाणी विहिरीचं, जड. त्याचे क्षार साठून थर्मोस्टॅट बंद अवस्थेतच अडकला, की रस्त्यावर ड्रायव्हरने काय करावं? काढून फेकावा! मला वाटतं, तो सल्ला तिथून आलाय. आणि त्या वेळी तो बरोबरच होता.

आता मात्र गाडी बदलली आहे. दाबाचं झाकण आणि ग्लायकॉलचं कूलंट यामुळे उकळबिंदू १२० अंशांच्या पुढे जातो. कॉम्प्युटर कूलंटचं तापमान वाचून इंधन ठरवतो. थर्मोस्टॅट नसला तर इंजिन गार आहे असं समजून तो जास्त पेट्रोल सोडतो, ॲव्हरेज पडतं, ऑइल नीट तापत नाही, झीज वाढते. गंमत म्हणजे काही इंजिनांत थर्मोस्टॅटची दुसरी चकती गरम झाल्यावर बायपासची वाट बंद करते. तो काढला की ती वाट उघडीच राहते आणि गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं. म्हणजे गाडी थंड व्हावी म्हणून काढला, आणि भरउन्हात घाटात तीच जास्त तापली!

नवीन बसवल्यावर काटा पाहण्यासारखा असतो. हळूहळू वर चढतो, ८२-८८ अंशांच्या आसपास झडप उघडते, रेडिएटरमधलं गार पाणी आत येतं, आणि काटा किंचित उतरून मग स्थिर होतो. हात लावून पाहिलं तर वरचा होज पाइप तोवर गार असतो आणि मग एकदम तापतो. जुना थर्मोस्टॅट पातेल्यात पाणी तापवून तपासता येतो. पाणी खळखळ उकळलं तरी उघडला नाही, तर निकाल लागला.

बदलताना गॅस्केट नवीन घ्या, बोअरच्या पाण्याऐवजी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर घाला, आत अडकलेली हवा काढा, आणि गरम गाडीचं झाकण चुकूनही उघडू नका. फिटरदादांशी वाद घालू नका. ते सांगतात ते खोटं नाही, फक्त एका पिढीमागच्या गाडीचं आहे. असो!