व्हायोला, उद्यानातील

व्हायोलेसी कुलातील व्हायोला ह्या प्रजातीत सु. ६०० जाती असून त्यांपैकी बहुतेक उत्तर गोलार्धाच्या समशीतोष्ण प्रदेशांत व अँडीज पर्वतराजीत आढळतात. पाच असमान पाकळ्या आणि सर्वांत खालच्या पाकळीच्या मागे निघालेली मधुरस साठविणारी पोकळ नळी (शुंडिका) ही हिच्या फुलाची ठळक खूण होय. युनानी वैद्यकातील बनफ्शा हे द्रव्य ह्याच प्रजातीतील काही जातींपासून मिळते. बागेत मात्र व्हायोला म्हणजे पॅन्सीचीच लहान फुलांची, झुपकेदार वाढणारी व भरपूर फुलणारी भावंडे, असा अर्थ रूढ आहे. सु. १५ ते २५ सेंमी. उंचीच्या ह्या ओषधीचा गेल्या दोन शतकांचा इतिहास दोन परस्परविरोधी इच्छांचा आहे. फूल मोठे व निर्दोष व्हावे ही एक, आणि झाडाने आपले बी आपणच पेरून बागेत टिकावे ही दुसरी. पहिली जसजशी साधली तसतशी दुसरी हातातून निसटत गेली.

बागेतील प्रकारांची मुख्य पूर्वज म्हणजे व्हायोला ट्रायकलर ही यूरोपातील तिरंगी रानजात. कार्ल लिनीअस ह्यांनी १७५३ मध्ये तिला हे शास्त्रीय नाव दिले. जॉन जेरार्ड ह्यांच्या १५९७ मधील वनस्पतिग्रंथात तिची नोंद आहे. विचार ह्या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून पॅन्सी हे इंग्रजी नाव आले. तेथील जनसामान्य तिला हार्ट्‌सईज, म्हणजे मनाचा विसावा, म्हणत. शेक्सपिअरच्या अ मिडसमर नाइट्स ड्रीम ह्या नाटकात मोहिनी घालणारा रस ज्या फुलाचा आहे, ते हेच. शेताचे बांध, पडीक जमिनी व खेड्यांतील परसबागा येथे ही वनस्पती कोणी मुद्दाम न पेरताही दरवर्षी उगवत असे.

हे सामर्थ्य तिच्या फळाच्या रचनेत आहे. बोंड पिकले की वर वळते व त्याची तीन शकले होडीसारखी उघडतात. प्रत्येक शकलात गुळगुळीत, चकचकीत बियांची रांग असते. शकले वाळताना त्यांच्या कडा जवळ येतात, बिया चिमटीत सापडतात आणि ओल्या बोटांतून चिंचोका सटकावा तशा एकेक करून एक-दोन मीटर दूर फेकल्या जातात. बियांवर स्निग्ध द्रव्याचा लहान कोंब असतो. त्याच्या लोभाने मुंग्या त्या आणखी पुढे नेतात. काही बिया त्याच वर्षी रुजतात, तर काही मातीत सुप्त राहून जमीन उकरली गेल्यावर उगवतात. त्यामुळे मूळचे झाड अल्पायुषी असले, तरी वाफा रिकामा पडत नाही.

संगोपनपूर्वक सुधारणेस इंग्लंडमध्ये १८१० ते १८१५ च्या सुमारास सुरुवात झाली. टँकरव्हिलच्या अर्लची कन्या लेडी मेरी बेनेट ह्यांनी वॉल्टन-ऑन-टेम्स येथे, तर अ‍ॅडमिरल लॉर्ड गँबिअर ह्यांचे माळी विल्यम टॉमसन ह्यांनी आयव्हर येथे निरनिराळ्या रोपांची निवड व संकर सुरू केले. तिरंगी जातीशी पर्वतीय पिवळी व्हायोला लुटिया व अल्ताई पर्वताकडील व्हायोला अल्टाइका ह्यांचा संयोग होऊन आजची पॅन्सी घडली असे मानतात. पॅन्सीच्या फुलावरील चेहऱ्यासारखा गडद डाग ही तिची ओळख. परंतु तो संकराच्या वाफ्यात प्रथम सापडला नाही. काही काळ दुर्लक्षित राहिलेल्या हीथ झुडपांमध्ये आपोआप उगवलेल्या एका रोपावर टॉमसन ह्यांची नजर गेली, आणि मांजराचे इवले तोंड आपल्याकडे टक लावून पाहत आहे असा त्यांना भास झाला. निष्णात माळ्याच्या हाती लागलेली ही सर्वांत मोठी देणगी अशी स्वयंरुजव्या रोपाची होती.

१८४१ मध्ये लंडनजवळील हॅमरस्मिथ येथे ह्या फुलाच्या चाहत्यांची संस्था निघाली व पुढे स्कॉटलंडमध्येही प्रदर्शनांची लाट आली. फूल वर्तुळाकार, पाकळ्या सपाट व कडा अखंड असाव्यात, असे नियम ठरले. नियमांत बसणारे झाड बियांपासून तसेच उतरत नसल्याने त्याची कलमे दरवर्षी करावी लागत. फूल मोठे झाले, पण झाड नाजूक आणि माळ्यावर सर्वस्वी अवलंबून असे झाले.

ह्यावर उपाय म्हणून काही संवर्धक पुन्हा रानजातींकडे वळले. एडिंबरो येथील जेम्स ग्रीव्ह ह्यांनी १८६० नंतर पॅन्सीचा व्हायोला लुटिया व पिरेनीज पर्वतातील बहुवर्षायू व्हायोला कॉर्न्यूटा ह्यांच्याशी संकर केला आणि काटक, झुपकेदार अशी उद्यानातील व्हायोला जन्मास आली. बेरिकशरमधील चर्नसाइडचे वैद्य चार्ल्स स्टूअर्ट ह्यांनी १८७४ पासून कॉर्न्यूटाला मातृवनस्पती धरून असेच प्रयोग केले. १८८७ मध्ये त्यांना फुलाच्या मध्यावर गडद रेषा नसलेले पांढरे फूल मिळाले व त्यापासून लहान, सुवासिक फुलांचा व्हायोलेटा हा गट निघाला. विल्यम रॉबिन्सन ह्यांनी अशा झुपकेदार प्रकारांचा पुरस्कार केला. द वाइल्ड गार्डन (१८७०) ह्या ग्रंथात त्यांनी, निगेवाचून टिकणाऱ्या काटक वनस्पतींना बागेत मोकळी जागा द्यावी, असे प्रतिपादिले होते. ई. ए. बोल्स (१८६५–१९५४) ह्यांच्या नावाने ओळखला जाणारा काळ्या फुलांचा ‘बोल्सेस ब्लॅक’ हा प्रकार अन्य व्हायोलांपासून दूर ठेवल्यास आपल्याच बियांपासून बहुधा तसाच उगवत राहतो.

स्वतःचे बी स्वतः पेरणारी ही वनस्पती परागणासाठी मात्र परावलंबी आहे. चार्ल्स डार्विन ह्यांनी १८५९ मध्ये तिचे भुंगमाश्यांवरील अवलंबित्व दाखवून दिले. १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत त्यांना परपरागणातून आलेल्या झाडांची सरासरी उंची १०० धरली, तर स्वपरागणातून आलेल्यांची केवळ ४२ भरते, असे आढळले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पहिल्या पिढीच्या संकरित बियांचा प्रसार झाला. एकसारखी उंची व एकाच वेळी येणारा बहर ह्यांमुळे सार्वजनिक बागांची सोय झाली. पण अशा झाडांची पुढील पिढी एकसारखी निपजत नाही व बी दरवर्षी विकत घ्यावे लागते. ज्याला आपोआप टिकणारा वाफा हवा त्याने म्हणूनच संकरित बियांऐवजी तिरंगी रानजात किंवा तिच्या जवळचे प्रकार निवडावेत.

बी निचऱ्याच्या, भुसभुशीत मातीत उथळ पेरून हलके झाकावे. सु. १५ ते २० से. तापमानात ते दोन ते तीन आठवड्यांत रुजते. उष्णतेने उगवण घटते. हंगामाच्या आरंभी सुकलेली फुले खुडल्यास बहर लांबतो, परंतु अखेरीची बोंडे झाडावरच पिकू द्यावीत. वाफा खोल खणू नये, त्यावर पालापाचोळ्याचा जाड थर देऊ नये व खुरपणी करताना कोवळी रोपे ओळखून राखावीत. निरनिराळे प्रकार शेजारी असल्यास रंग मिसळतात. काही पिढ्यांनंतर फुले लहान व रानजातीसारखी दिसू लागली, तर त्यात दोष मानण्याचे कारण नाही.

महाराष्ट्राच्या पठारी भागात पॅन्सी व व्हायोला ही हिवाळी हंगामी फुले आहेत. बी पावसाळ्याच्या अखेरीस पेरतात व उन्हाळ्याच्या झळांनी झाडे संपतात. येथे स्वयंरुजव्या रोपांवर विसंबता येत नसल्याने पिकू लागलेली बोंडे फुटण्यापूर्वी कागदी पिशवीत जमवून बी थंड, कोरड्या जागी ठेवणे हाच मार्ग आहे. ह्या कुलाचा रतनपुरुष हा सदस्य मात्र येथील माळरानांवर आपोआप उगवतो.

ह्या इतिहासाला अलीकडे एक चिंताजनक पुरवणी जोडली गेली आहे. पॅरिसच्या परिसरातील शेतांत वाढणाऱ्या व्हायोला आर्व्हेन्सिस ह्या निकट जातीचे दोन-तीन दशकांपूर्वी जपून ठेवलेले बी फ्रेंच शास्त्रज्ञांनी पुन्हा रुजविले व त्या झाडांची आजच्या झाडांशी तुलना केली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या अभ्यासानुसार आजची फुले सु. १० टक्क्यांनी लहान असून त्यांत मधुरस सु. २० टक्क्यांनी कमी आहे आणि स्वपरागणाचे प्रमाण वाढले आहे. परागण करणारे कीटक घटल्याने वनस्पती त्यांच्यावाचून भागवू लागली असावी. पण मधुरस घटला की उरलेल्या कीटकांचेही अन्न घटते. माळ्यांनी दोनशे वर्षे फूल मोठे करण्यासाठी खटपट केली. शेताच्या कडेला ते काही दशकांतच लहान होऊ लागले. हा बदल मोजता आला, तो कोणीतरी जुने बी जपले होते म्हणून.