गेम कन्सोल व घरगुती संगणक

गेम कन्सोल व घरगुती संगणक ही दूरचित्रवाणी संचाला जोडून घरातील करमणुकीसाठी वापरली जाणारी दोन यंत्रे होत. प्रक्रियक, स्मृती व चित्रनिर्मितीचे परिपथ दोहोंतही असतात. खरा भेद अधिकाराचा आहे. संगणकावर कोणती आज्ञावली चालवायची हे वापरणारा ठरवतो. कन्सोलवर ते बहुधा निर्माता ठरवतो.

महाराष्ट्रातील सुरुवात

१९८६ मध्ये पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने 'झेडएक्स स्पेक्ट्रम+' या मूळ ब्रिटिश संगणकाची परवानाप्राप्त आवृत्ती 'डीबी स्पेक्ट्रम+' या नावाने भारतात आणली. त्यात झेड-८० जातीचा प्रक्रियक व ४८ किलोबाइट स्मृती होती. पडद्याचे काम घरचा दूरचित्रवाणी संच करी आणि आज्ञावल्या साध्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर साठवल्या जात. खेळ सुरू होण्यास काही मिनिटे लागत, आणि टेपचा आवाज कमीजास्त झाला तर सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागे. रविवारी सकाळी 'रामायण' मालिका सुरू असताना संच संगणकासाठी मोकळा मिळणे अर्थातच कठीण होते.

या संगणकात बेसिक ही भाषा कायमची बसवलेली असे. यंत्र सुरू करताच ते आज्ञेची वाट पाही. त्यामुळे पुस्तकात छापलेली आज्ञावली टंकून, तीत फेरफार करून स्वतःचा खेळ रचणे शालेय विद्यार्थ्यालाही शक्य होते. करमणूक व शिक्षण यांतील भिंत येथे फारच पातळ होती.

कन्सोलचा प्रसार

१९९० च्या दशकात मराठी घरांत 'व्हिडिओ गेम' या नावाने जे यंत्र पोहोचले, ते बहुतांशी निन्टेन्डोच्या 'फॅमिकॉम' (१९८३) या जपानी कन्सोलची नक्कल असे. कॅसेट खोचली की खेळ तत्क्षणी सुरू होई. ही सोय नाकारण्याजोगी नव्हती. मात्र त्यात नवे काही लिहिता येत नसे. पुढे कीबोर्डच्या आकाराच्या नकलाही विक्रीस आल्या, पण बेसिकमध्ये लिहिलेले जतन करण्याची सोय त्यांत सहसा नसल्याने वीज गेली की श्रम वाया जात.

फॅमिकॉमला कुलूप नव्हते, म्हणूनच या नकला शक्य झाल्या. '९९९९९९ इन १' असे मिरवणाऱ्या कॅसेटमध्ये प्रत्यक्षात मोजकेच खेळ नावे बदलून पुनःपुन्हा येत. मूळ खेळ रचणाऱ्यांना त्यातून काहीही मिळत नसे. ही मोकळीक ग्राहकाच्या हक्कापेक्षा अनधिकृत व्यापाराच्याच अधिक कामी आली.

कुलूप-चिप

अमेरिकेत १९८५ मध्ये आणलेल्या आवृत्तीत निन्टेन्डोने '१०एनईएस' ही चिप बसवली. कन्सोल व कॅसेट या दोहोंतील चिपांचा मेळ न बसल्यास यंत्र पुनःपुन्हा नव्याने सुरू होत राही. परवान्याविना खेळ विकणे त्यामुळे अवघड झाले. १९८३ साली निकृष्ट खेळांच्या सुळसुळाटामुळे तेथील बाजार कोसळला होता, हेही या कुलपामागचे एक कारण होते.

नंतरचा काळ

सोनीच्या 'प्लेस्टेशन ३' वर (२००६) आरंभी लिनक्स ही कार्यप्रणाली बसवता येत असे. १ एप्रिल २०१० रोजीच्या अद्ययावतीकरणाने ती सोय काढून घेतली. ते न स्वीकारणाऱ्या ग्राहकांना कंपनीच्या ऑनलाइन सेवेस मुकावे लागले. उलट दिशेने, व्हॉल्व्ह कंपनीच्या 'स्टीम डेक' (२०२२) या लिनक्सवर चालणाऱ्या हातातील यंत्रावर अन्य कार्यप्रणालीही बसवता येते आणि ते दूरचित्रवाणी संचालाही जोडता येते.