दिनविशेष : ११ जून – योसेफ विर्शिंग (१९०३–१९६७)

कैरान्याहून आलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेचेच, याविषयी इथे कुणाच्या मनात किंतु नाही. मग १९६७ साली आजच्या दिवशी निधन पावलेले छायालेखक योसेफ विर्शिंग अजूनही ‘जर्मन तंत्रज्ञ’च का? म्युनिकचा हा तरुण १९२५ मध्ये ‘लाइट ऑफ एशिया’च्या चित्रीकरणासाठी भारतात आला. हिमांशू राय यांनी १९३४ साली बॉम्बे टॉकीज उभारली, तेव्हा तो मालाडच्या स्टुडिओत कॅमेऱ्यामागे उभा राहिला. ‘अछूत कन्या’ (१९३६) त्याचीच. दुसरे महायुद्ध पेटताच इंग्रज सरकारने जर्मन नागरिकांना स्थानबद्ध केले. त्यांच्यासाठीची एक छावणी आपल्या साताऱ्यातही होती. विर्शिंग यांनाही ही कैद चुकली नाही. सुटकेनंतर मायदेशी जाण्याऐवजी ते इथेच राहिले, आणि माझ्या मते त्यांच्या नागरिकत्वाचा खरा दाखला हाच.

त्यांनी जर्मन मूकपटांतली छायाप्रकाशाची रीत उचलून आणली, एवढेच त्यांचे कर्तृत्व, असा आक्षेप घेता येईल. रीत तिकडची होती, हे मान्यच. पण ‘महल’मध्ये (१९४९) ती पुनर्जन्माच्या कथेला आणि लताबाईंच्या गाण्याला अशी जुळली, की तिला परकी म्हणणे अवघड जाते. श्रेय दिग्दर्शक कमाल अमरोही यांच्या दृष्टीचे म्हणावे, तर त्याच अमरोहींनी ‘पाकीजा’चा कॅमेराही विर्शिंग यांच्याच हाती दिला होता. तो चित्रपट १९७२ मध्ये झळकला. विर्शिंग यांच्या निधनानंतर त्यांचे उरलेले काम इतर छायालेखकांनी पुरे केले होते.