मुसव्विर जंग आणि नागनाथाचा रथ

औंढ्यात महाशिवरात्रीच्या यात्रेत रथ निघतो तेव्हा हजारो हात वर जातात. काही जोडलेले, काहींत मोबाईल. त्यांत माझाही असतो. मग वर्गातलं एखादं पोरगं हमखास विचारतं, "सर, आपल्यात तसवीर जायज आहे का?"

प्रश्न जुना आहे. फोटोग्राफीला उर्दूत अक्कासी म्हणतात. अक्स म्हणजे प्रतिबिंब. चित्रकार मात्र मुसव्विर, म्हणजे रूप घडवणारा. अल-मुसव्विर हे अल्लाहच्या नावांपैकी एक, म्हणून तसवीर काढणाऱ्यांना हदीसमध्ये सक्त ताकीद. मग कॅमेरा रूप घडवतो की नुसतं धरून ठेवतो? इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई म्हणाले, ही तर सावली अडवून धरणं झालं, नवी निर्मिती नव्हे. देवबंदचे मुफ्ती मुहम्मद शफी यांना हे पटलं नाही. वाद अजून मिटलेला नाही, आणि माझ्यासारख्या शाळामास्तराने तो मिटवूही नये.

मात्र मौलवींचा वाद रंगायच्या आधीच कॅमेरा हरममध्ये पोहोचला होता. इजिप्तच्या लष्करातले सादिक बे यांनी 1861 मध्ये मदिनेचे आणि 1880 मध्ये हजच्या वेळी मक्केचे फोटो काढले. पाठोपाठ मक्केतलेच एक डॉक्टर, अब्दुल गफ्फार, हाजींचे फोटो काढू लागले. ज्यांच्या नशिबी हज नव्हता त्यांनी काबा पहिल्यांदा पाहिला तो असा, कागदावर.

आता आपल्याकडचं. औंढा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार होते लाला दीनदयाळ, सरधन्याच्या जैन घरातले. हैदराबादच्या मोहरममधल्या लंगरच्या मिरवणुकीचे त्यांचे फोटो आजही पाहायला मिळतात. निजामाने 1894 मध्ये त्यांना किताब दिला, 'मुसव्विर जंग'. ज्या शब्दावरून एवढी भीती, तोच शब्द मुसलमान राजाने मोहरम टिपणाऱ्या जैन माणसाला मानाने बहाल केला! मला ही गोष्ट फतव्यांपेक्षा जास्त शिकवते.

सूफींकडे मुशाहदा म्हणतात, मन लावून पाहणं. फोटो काढताना मला तेच घडतं असं वाटतं. नुसता गर्दीत उभा असतो तर मला रथ दिसला असता. फोटो पाहताना कळलं की ऐन दर्शनाच्या क्षणी म्हाताऱ्या बायका डोळे मिटतात. एवढ्या लांबून बघायला यायचं, आणि समोर आल्यावर डोळे मिटायचे! दर्ग्यात फातिहा पढताना माझी आई हेच करायची.

खाली, अरुंद पायऱ्या उतरून जावं लागतं त्या बुटक्या, अंधाऱ्या गाभाऱ्यात मी कॅमेरा नेत नाही. तिथे ज्याची श्रद्धा त्याचीच नजर असावी. तसंही, विसोबा खेचरांनी नामदेवांना जिथे देव नाही अशी जागा दाखवायला सांगितलं ते याच गावात, असं सांगतात. अशा गावात गाभाऱ्याबाहेर थांबल्याने काही बुडत नाही. बाहेरच्या भिंतींवर कोरीव काम इतकं आहे की दुपार पुरत नाही.

हल्ली फोटो काढला की कुणीतरी आधी नाव विचारतं. पूर्वी विचारत नसत. मी नाव सांगतो. क्षणभर शांतता होते, आणि बहुतेक वेळा मग नंबर पुढे येतो, "सर, व्हॉट्सअॅपवर टाका की."